पुस्तक वाचले, मूल वाचले का?

मराठीत ‘वाचणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. पुस्तक वाचणे आणि संकटातून जीव वाचणे. उर्दूत त्यासाठी ‘पढना’ आणि ‘बचना’ असे दोन वेगळे शब्द आहेत. दोन्ही भाषांत वावरणाऱ्याला हा फरक एरवी गमतीचा वाटतो. ओमर अल अक्काद यांची ‘व्हॉट स्ट्रेंज पॅरडाइज’ ही इंग्रजी कादंबरी वाचून संपवली की मात्र त्यातली गंमत उरत नाही.

अल अक्काद यांचा जन्म कैरोचा, बालपण कतारमधले, पुढचे शिक्षण कॅनडातले. कादंबरी २०२१ मध्ये आली आणि त्याच वर्षी तिला कॅनडाचा मानाचा गिलर पुरस्कार मिळाला. अमीर हा नऊ वर्षांचा सीरियन मुलगा. कुटुंबाबरोबर तो युद्धातून निसटून इजिप्तला पोहोचतो आणि तिथून माणसांनी खच्चून भरलेल्या एका जुनाट बोटीत चढतो. बोटीवर एक गरोदर बाई आहे. किनारा लागला की मदत मागता यावी, म्हणून ती इंग्रजीतली चार वाक्ये पुन्हा पुन्हा घोकते आहे. बोट बुडते. एका बेटाच्या वाळूवर प्रेते येऊन पडतात. त्यांतून अमीर डोळे उघडून उठतो आणि पळत सुटतो. व्हेना नावाची पंधरा वर्षांची मुलगी त्याला लपवते. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. मागावर सैनिक आहेत. ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी आलटून पालटून येणारी प्रकरणे वाचताना आपण एकच धावा करत राहतो, पोराला बोट मिळू दे.

शेवट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. अखेरच्या प्रकरणाचे नाव ‘आता’. ते आपल्याला पुन्हा त्याच वाळूवर आणून सोडते. तिथे एक मूल निपचित पडले आहे. मग ती मुलगी, ती पळापळ, ती सुटका हे सारे घडले तरी का?

पुस्तक घेऊन चर्चेला बसलेल्या वाचकांत इथेच दोन तट पडतात. काहींना वाटते, लेखकाने दगा दिला. काही जण पाने उलटून पोर जिवंत असल्याच्या खुणा शोधतात. गिलर विजेती कादंबरी म्हणून कौतुकाने हाती घेतलेले पुस्तक बैठकीत सर्वांना अस्वस्थ करते. मला वाटते, लेखकाला नेमके हेच हवे आहे. गोष्टीत कोणीतरी देवासारखे धावून आले की वाचक मोकळा होतो. डोळे पुसतो, चहा पितो, पुढच्या महिन्याचे पुस्तक ठरवतो. इथे ती सोय काढून घेतली आहे. व्हेना ही आपली इच्छा होती. प्रत्यक्ष वाळूवर त्या वेळी कोणी नव्हते.

ती वाळू जगाने पाहिली आहे. २ सप्टेंबर २०१५ रोजी तुर्कस्तानातल्या बोडरूमजवळ आयलान कुर्दी या चिमुकल्याचा मृतदेह किनाऱ्याला लागला. आई आणि भाऊही बुडाले. त्याची आत्या कॅनडात राहत होती. तिने आपल्या एका भावाच्या कुटुंबासाठी तिथे अर्ज केला होता. तो अपूर्ण म्हणून परत आला होता. ही बातमी कळल्यावर कॅनडातले लोक हळहळले आणि मग विचारू लागले, आपल्याला काय करता येईल?

उत्तर त्यांच्या कायद्यात आधीपासून होते. पाच नागरिक किंवा कायम रहिवासी एकत्र आले, तर ते एका निर्वासित कुटुंबाची वर्षभराची जबाबदारी घेऊ शकतात. घरभाडे, किराणा, मुलांची शाळा, डॉक्टर, बसचा पास, थंडीचे कोट, सगळे त्यांनी पाहायचे. १९७९-८० मध्ये व्हिएतनाम, कंबोडिया, लाओसमधून सुमारे ६० हजार लोक कॅनडात आले, त्यातले निम्म्याहून अधिक याच वाटेने. १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे नान्सेन पदक ‘कॅनडाच्या जनतेला’ देण्यात आले. आयलाननंतर असे गट पुन्हा उभे राहिले. टोरांटोत हॉकी खेळणाऱ्या मुलांच्या आया, पत्ते खेळणारे मित्र आणि पुस्तकगटांचे सभासदही त्यात होते. दर महिन्याला कादंबरीवर बोलणारी माणसे आता दोन खोल्यांचे घर आणि अरबी जाणणारा दुभाषी शोधू लागली. फेब्रुवारी २०१६ अखेर २५ हजार सीरियन कॅनडात पोहोचले होते; काहींना सरकारने आणले, काहींना अशा गटांनी.

त्यांतले एक हदहाद कुटुंब. दमास्कसमधला त्यांचा चॉकलेटचा कारखाना बॉम्बहल्ल्यात गेला. नोव्हा स्कोशियातल्या अँटिगोनिश या छोट्या गावच्या लोकांनी त्यांना बोलावून घेतले. तिथे त्यांनी पुन्हा चॉकलेट बनवायला घेतले. २०१६ मध्ये फोर्ट मॅकमरे शहर वणव्यात होरपळले, तेव्हा याच कुटुंबाने तिथल्या बेघरांसाठी पैसे पाठवले. पुढे २०२२ मध्ये ‘कॅनडा रीड्स’ या रेडिओवरच्या पुस्तकस्पर्धेत अमीरच्या कादंबरीची बाजू मांडायला उभा राहिला तो याच घरचा मुलगा, तारिक. स्पर्धा दुसऱ्या पुस्तकाने जिंकली. पण अमीरची बाजू मांडायला वाचलेल्यांपैकीच एक जण उभा होता.

हे सगळे गोडच होते असे नाही. तयार घर रिकामे ठेवून महिनोन्‌महिने वाट पाहणारे गट होते. पाहुण्यांनी पैसे कसे खर्चावेत, यावर यजमानांचा जीव अडकायचा. तेराव्या महिन्यात मदत थांबली की पुढे काय, ही धास्ती दोघांनाही असायची. देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली राहिला, की मैत्रीला वेळ लागतो.

रमजानच्या पानावर मदिनेची आठवण येणारच. मक्केहून घरदार सोडून आलेल्या मुहाजिरांची पैगंबर मुहंमद (स.) यांनी मदिनेच्या अन्सारांशी जोड्यांनी भावाची नाती जोडून दिली. ‘गरजूंना मदत करा’ एवढे सांगून ते थांबले नाहीत. कोणी कोणाला सांभाळायचे, हे नावानिशी ठरले. दया सर्वांसाठी असते. जबाबदारी मात्र कोणाची तरी, कोणासाठी तरी असावी लागते. पाच जण, एक कुटुंब, बारा महिने, या कायद्याची ताकदही त्याच हिशेबात आहे.

अर्जांचा ढीग साचला म्हणून २९ नोव्हेंबर २०२४ पासून कॅनडा सरकारने अशा पाच जणांच्या गटांचे नवे अर्ज घेणे तात्पुरते थांबवले. म्हणजे ज्या देशात वाचकाला काहीतरी करता येत होते, तिथेही दार किलकिले झाले. तरीही अमीर वाचला का, या प्रश्नाचे उत्तर कादंबरीच्या पानांत शोधत बसण्यात अर्थ नाही. ते उत्तर पुस्तक मिटल्यावर बैठकीतून उठणाऱ्या माणसांकडे आहे. कादंबरीतल्या त्या गरोदर बाईने चार वाक्ये पाठ केली होती. ती ऐकायला किनाऱ्यावर कोणीतरी हवे होते, एवढेच.