निळा फवारा, हिरवा चारा

द्राक्षबागेत निळसर डाग पडलेला पाला पाहिलाय? निफाड-दिंडोरीकडच्या दोस्तांना सांगायला नको, तो बोर्डोचा फवारा. १०० लिटर पाणी, १ किलो मोरचूद आणि चुना. मोरचुदातलं तांबं डाऊनीची बुरशी रोखतं. फ्रान्समध्ये १८८५ साली पुढे आलेलं हे मिश्रण आपल्याकडे आजही चालतं.

प्रश्न येतो, तो हाच पाला आणि बागेतलं गवत मेंढ्यांपुढे पडतं तेव्हा. थोडं तांबं प्रत्येक जनावराला लागतंच. पण जास्तीचं तांबं बाहेर टाकणं मेंढीला फारसं जमत नाही. ते यकृतात साठत जातं. कित्येक आठवडे मेंढी ठणठणीत दिसते. मग लांबची चाल किंवा उपासमार झाली, की साठलेलं तांबं रक्तात उतरतं आणि तांबड्या पेशी फुटतात. डोळे पिवळे, लघवी लालसर-काळी, आणि एक-दोन दिवसांत जीव जातो.

गाईचं पशुखाद्य मेंढीला घालू नये, तेही यासाठीच. त्यात तांबं मुद्दाम मिसळलेलं असतं.

घरची बाग असेल, तर फवारलेला पाला मेंढ्यांना टाकू नका. मेंढपाळ बागेत येण्याआधी काय फवारलंय ते त्याला सांगा. आपला एक फोन, त्याचा अख्खा कळप.