शुकसारिकाप्रलापन आणि कॉकटील : पक्ष्यास माणसाळविण्याची भाषिक बाजू

वात्स्यायनाने ज्या चौसष्ट कलांची गणना केली आहे, तीत शुकसारिकाप्रलापन म्हणजे पोपट व मैना यांस बोलावयास शिकविणे हीही एक कला मानिली आहे. ज्या संस्कृतीने ह्या उद्योगास कलेचा दर्जा दिला, त्याच संस्कृतीच्या आधुनिक मराठी भाषेत 'पोपटपंची' हा शब्द निंदाव्यंजक व्हावा, हे थोडे विचित्रच म्हटले पाहिजे. अर्थ न जाणता केलेले पाठांतर असा ह्या शब्दाचा रूढ अर्थ आहे. पोपट अर्थ जाणत नाही, हे गृहीत धरूनच तो बनला आहे. हे गृहीत कितपत खरे आहे व पक्ष्याच्या 'बोलण्या'त शिकविणाऱ्याचा वाटा कोणता, ह्याचा विचार भाषेच्या अभ्यासकास अनेक दृष्टींनी उपयुक्त ठरेल.

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागात, गडहिंग्लज तालुक्यातील नेसरीसारख्या गावी, राघू ही काही दूरची वस्तू नव्हे. प्रतापराव गुजर यांच्या १६७४ मधील बलिदानामुळे ह्या गावाचे नाव इतिहासास ठाऊक आहे. परंतु भोवतालच्या शेताशिवारांत कणसांवर उतरणारे कीर पोपटांचे थवे इतिहासाहून जुने आहेत. झाडाच्या ढोलीतून पिले काढून आणावयाची, ती हाताने भरवून वाढवावयाची आणि 'मिठू मिठू', 'विठू विठू', 'राम राम' असे घोकून घ्यावयाचे, ही पद्धती महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने तिला कायद्याचा आधार उरलेला नाही. देशी पोपट पकडणे, विकणे अथवा पिंजऱ्यात ठेवणे हा अपराध आहे. मग तो पोपट कितीही लाडात का वाढलेला असेना. ह्या बंधनाचे कारणही उघड आहे. ढोलीतून काढलेल्या पिलांपैकी बाजारापर्यंत जिवंत पोहोचणारी सगळी नसतात, आणि ढोल्या असलेली जुनी झाडे दिवसेंदिवस कमी होत आहेत.

राघूच्या रिकाम्या झालेल्या जागी आता पुष्कळ ठिकाणी कॉकटील हा परदेशी पक्षी येऊन बसला आहे. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. रॉबर्ट कर ह्याने १७९२ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले व वाग्लर ह्याने १८३२ मध्ये त्याची स्वतंत्र प्रजाती कल्पिली. त्याचे आजचे शास्त्रीय नाव निम्फिकस हॉलंडिकस असे आहे. दिसावयास लहान व शेपटीने लांब असल्यामुळे तो पोपटासारखा वाटतो, परंतु कुलाने तो काकाकुवांत मोडतो, आणि डोक्यावरचा तुरा त्याची साक्ष देतो. वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटिस कराराच्या परिशिष्टांतून पोपटवर्गातील ज्या मोजक्या जाती वगळल्या आहेत, त्यांत कॉकटील आहे. गंमत अशी की, आपला कीर पोपटही त्याच वगळलेल्यांत आहे. त्याचे रक्षण होते ते आंतरराष्ट्रीय कराराने नव्हे, देशाच्या कायद्याने. ऑस्ट्रेलियातून पक्ष्यांची व्यापारी निर्यात बंद असल्यामुळे घरोघरचे कॉकटील पिंजऱ्यातच जन्मलेल्या पक्ष्यांच्या वंशातले असतात. म्हणून त्यांना 'सोडून देणे' ही दया नव्हे. येथील रानात ते तगत नाहीत.

ह्या पक्ष्यास माणसाळविण्याची रीत सांगावयाची तर प्रथम त्याचा तुरा वाचता आला पाहिजे. तुरा ताठ उभा असेल तर पक्षी दचकलेला अथवा सावध आहे. तो डोक्याशी चापून बसवला असून पक्षी फुसफुसत असेल तर त्यास राग अथवा भय आहे. तो सैलपणे मागे झुकलेला असेल तर पक्षी स्वस्थ आहे. माणसाचा हात ही त्याच्या दृष्टीने झडप घालणारी वस्तू आहे, आणि जो शिक्षक पहिल्याच दिवशी पिंजऱ्यात हात घालून पक्षी धरतो तो पुढील कित्येक आठवड्यांचे काम स्वतःच वाढवून ठेवतो. प्रथम काही दिवस केवळ जवळ बसून हलक्या आवाजात बोलावे. मग हात पिंजऱ्याबाहेर, तुरा ताठ होणार नाही इतक्या अंतरावर ठेवावा. ते अंतर रोज थोडे कमी करावे. ह्यानंतर राळ्याचे कणीस हातात धरून पुढे करावे. राळ्याइतका ह्या पक्ष्यास दुसरा मोह नाही. पक्षी हातातले खाऊ लागला की बोट त्याच्या छातीच्या खालच्या बाजूस, पायांच्या किंचित वर, हलकेच टेकवावे व 'चढ' असा एकच शब्द उच्चारावा. तो चढला की त्याच क्षणी दाणा द्यावा. बक्षिसास विलंब झाला तर ते कोणत्या कृतीचे आहे हे पक्ष्यास कळत नाही. एकेक पाठ पाचदहा मिनिटांहून लांबवू नये, आणि पक्षी कंटाळण्यापूर्वीच तो थांबवावा.

येथे आज्ञेच्या शब्दाविषयी एक भाषिक सूचना करणे अवश्य आहे. घरातील एक जण 'चढ', दुसरा 'ये', तिसरा 'बस रे बस' म्हणू लागला की पक्ष्याचा गोंधळ उडतो. माणसाच्या मुलास हे तिन्ही प्रयोग एका अर्थाचे आहेत हे प्रसंगावरून उमगते. पक्ष्याच्या लेखी ते तीन निराळे ध्वनी आहेत. शब्द कोणता ह्यास महत्त्व नाही. तो एकच असण्यास आहे.

ओरडण्याची सवय हा पाळणाऱ्यांच्या तक्रारीचा नेहमीचा विषय. कॉकटील थव्याने राहणारा पक्षी आहे, आणि सोबती दृष्टीआड झाला की तो साद घालतो. उत्तर आले नाही की साद वाढत जाऊन तिची किंकाळी होते. ह्या वेळी घरातील माणूस धावत पिंजऱ्याकडे येतो, पक्ष्यास गप्प बस म्हणून दटावतो, क्वचित दाणाही देतो. येथे शिक्षण घडतेच, परंतु ते उलट दिशेने : पक्षी माणसास शिकवितो. बी. एफ. स्किनरने १९५७ मध्ये मनुष्यभाषेचे जे विवेचन केले, ते अशाच दृढीकरणाच्या तत्त्वावर उभारले होते, आणि नोम चॉम्स्कीने १९५९ च्या आपल्या परीक्षणात त्याचा जो समाचार घेतला तो विद्यार्थ्यांस परिचित आहे. मनुष्यभाषेच्या बाबतीत चॉम्स्कीचा पक्ष ग्राह्य मानला तरी पिंजऱ्यासमोर स्किनरच अधिक उपयोगी पडतो, हे मान्य करावे लागेल. उपाय साधा आहे. किंकाळीस मुळीच उत्तर देऊ नये. मात्र पक्ष्याने हलकी शीळ घातली की दुसऱ्या खोलीतूनही तीच शीळ परत द्यावी. थोड्याच दिवसांत तीच त्या घराची खूण होते.

आता बोलण्याविषयी. पक्ष्याचे स्वरयंत्र माणसासारखे कंठात नसून श्वासनलिका जेथे दुभंगते तेथे, छातीत असते. त्यास ओठ नाहीत. तरीही 'मिठू' मधील मकार अथवा 'पोपट' मधील पकार ऐकणाऱ्यास ओळखू येतो, ह्याचे श्रेय काही अंशी ऐकणाऱ्याच्या कानास आहे. अपुऱ्या ध्वनीतून परिचित शब्द पुरा करून घेण्याची माणसाला सवयच असते. परंतु सर्वच भ्रम नव्हे. बेकर्स, नेल्सन व सदर्स यांनी २००४ मध्ये मंक पॅराकीट जातीच्या पोपटांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसून आले की, जिभेची जागा अगदी थोडी बदलली तरी बाहेर पडणाऱ्या ध्वनीचे अनुनाद लक्षणीय बदलतात. माणूस स्वर घडवितो तो ह्याच रीतीने. जीभ 'सोलल्या'शिवाय पक्षी बोलत नाही अशी जी एक क्रूर समजूत अनेक देशांत आढळते, तिचे निराकरण ह्या प्रयोगाने आपोआप होते : ज्या अवयवाने उच्चार घडावयाचा तोच जायबंदी करण्यात काय हशील ? हिरवी मिरची खाऊ घातली की पोपटाची वाचा फुटते, ही समजूत त्यामानाने निरुपद्रवी. तिखटाची जाणीव करून देणारे जे ग्राहक प्रथिन सस्तन प्राण्यांच्या शरीरात असते, त्याचे पक्ष्यांतील रूप मिरचीच्या तिखट द्रव्यास दाद देत नाही. गडहिंग्लजच्या बाजारातील संकेश्वरी मिरची आणि पेरू यांत तिखटपणाचा भेद पोपटास करता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

ह्याहून महत्त्वाचा प्रश्न व्याकरणाचा आहे. पक्षी जे ऐकतो ते त्यास उद्देशून बोललेले असते. 'मिठू, पेरू खा' हे वाक्य तो शिकला आणि पुढे स्वतः म्हणू लागला की 'खा' हा आज्ञार्थ कोणाकडून कोणाकडे जातो ? मूल 'मी' आणि 'तू' यांची अदलाबदल करावयास शिकते, कारण ते दोन माणसांस एकमेकांशी बोलताना ऐकते. पिंजऱ्यातील पक्ष्यास एकटा शिक्षक ही संधी देऊच शकत नाही. मराठीत तर भूतकाळी प्रथम पुरुषातही लिंग प्रकट होते. पुण्याकडे एखाद्या बाईने वाढवलेला नर पक्षी 'मी आले' म्हणेल आणि आपल्या गुरूचे लिंग उघड करील. नेसरी-कोल्हापूरकडे मात्र स्त्रियाही सर्रास 'मी आलो', 'मी जातो' असे बोलतात. तेव्हा तेथील पक्ष्याच्या बोलण्यावरून शिक्षक पुरुष की स्त्री हे ठरविता यावयाचे नाही.

ह्या अडचणीवर तोड निघाली ती प्रथम जर्मनीत. डीटमार टोट ह्याने १९७५ मध्ये करड्या आफ्रिकी पोपटांस शिकविण्यासाठी दोन माणसांची योजना केली : एक प्रश्न विचारतो, दुसरा उत्तर देतो, आणि पक्षी पाहतो. दुसरा माणूस त्याचा आदर्शही असतो व प्रतिस्पर्धीही. अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग यांनी ह्यात दोन सुधारणा केल्या. प्रश्नकर्ता व उत्तरदाता यांनी भूमिका आलटून-पालटून घ्यावयाच्या, आणि बक्षीस म्हणून भलताच खाऊ न देता ज्या वस्तूचे नाव उच्चारले तीच वस्तू द्यावयाची. १९७७ मध्ये त्यांनी घेतलेला ॲलेक्स नावाचा पोपट २००७ मध्ये मरण पावला, तोवर सुमारे पन्नास वस्तूंची नावे, सात रंग, पाच आकार आणि सहापर्यंतच्या संख्या तो योग्य जागी वापरू शकत होता. ही भाषा आहे असा दावा पेपरबर्ग यांनीही केला नाही. परंतु ही 'पोपटपंची'ही नव्हे.

भारतीय शास्त्रकारांनी ह्या प्रश्नास फार पूर्वी हात घातला होता. वाक्यार्थ कळण्यास वक्त्याच्या तात्पर्याचे ज्ञान आवश्यक मानले, तर पोपटाच्या वाक्यापासून ऐकणाऱ्यास अर्थबोध कसा होतो ? विश्वनाथ न्यायपंचाननाने सतराव्या शतकात न्यायसिद्धान्तमुक्तावलीत ह्याचे उत्तर दिले आहे ते असे की, शुकवाक्याच्या ठिकाणी ईश्वराचे तात्पर्य घ्यावे. मात्र पोपट वस्तुस्थितीशी विसंगत बोलत असेल तर तेथे शिकविणाऱ्याचेच तात्पर्य समजावे. खोट्याचे उत्तरदायित्व ईश्वरावर न जावे म्हणून केलेली ही योजना तर्कदृष्ट्या सोयीची असेल. तिच्या दुसऱ्या अर्ध्या भागात मात्र मोठे तथ्य आहे. पाहुण्यास शिवी देणारा पक्षी शिवी देत नसतो. त्याला शिकविणारा देत असतो.

कॉकटीलकडून मात्र असल्या संभाषणाची अपेक्षा ठेवणे व्यर्थ होय. नर काही शब्द उचलतो, पण त्याचा आवाज बारीक व उच्चार पुसट असतो. मादी बहुधा उचलतच नाही. त्याचे खरे सामर्थ्य शिळेत आहे. जपानमधील योशिमासा सेकी यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हाताने वाढवलेल्या तीन कॉकटीलांनी शिळेवर वाजविलेल्या चालीचे केवळ अनुकरण केले नाही, तर ती चाल चालू असताना तिच्या जोडीने, तिच्या काळाशी जमवून घेत ती म्हटली. मागाहून नक्कल करणे वेगळे आणि बरोबरीने गाणे वेगळे. दुसऱ्यासाठी पुढचा स्वर केव्हा येणार ह्याचा अंदाज लागतो. ज्यास हा पक्षी शिकवावयाचा आहे त्याने 'विठू विठू' चा हट्ट सोडून एखादी सोपी, चारसहा स्वरांची चाल, रोज त्याच वेळी, त्याच पट्टीत शिळेवर द्यावी.

एका गोष्टीचा उल्लेख येथे टाळता येत नाही. पक्षी बोलतो तो का, ह्याविषयी होबार्ट माउरर ह्या मानसशास्त्रज्ञाने १९५० मध्ये असे प्रतिपादन केले की, अन्न व सोबत देणाऱ्या माणसाचा आवाज पक्ष्यास सुखद होतो, आणि तो माणूस जवळ नसताना पक्षी तोच आवाज स्वतः काढून स्वतःस दिलासा देतो. ह्या उपपत्तीवर पुढे आक्षेप आले, तरी पाळणाऱ्यांच्या जुन्या अनुभवाशी ती जुळते : जोडीने ठेवलेले पक्षी माणसाचे शब्द क्वचितच उचलतात, एकटा ठेवलेला उचलतो. व्हेनेझुएलातील लहान हिरव्या पोपटांचा कार्ल बर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी जो अभ्यास केला, त्यात घरट्यातील प्रत्येक पिलाची स्वतंत्र साद आढळली, आणि ती साद पिले आईबापांकडूनच शिकतात असे ठरले. नाव ठेवण्याची रीत पोपटांतही आहे म्हणावयाची. मग पिंजऱ्यातील पक्षी 'मिठू, मिठू' म्हणतो तेव्हा तो स्वतःचे नाव सांगत असतो, की जी साद रोज कानी पडते तिनेच त्या घरातील माणसांस हाक मारीत असतो ? पंधरा-वीस वर्षे जगणारा हा पक्षी घरी आणणाऱ्याने, दिवसातील किती तास त्या हाकेस उत्तर मिळणार आहे, ह्याचा हिशेब पिंजरा विकत घेण्यापूर्वी केलेला बरा. आणि तो हिशेब जुळत नसेल तर दोन पक्षी आणावेत व त्यांच्या अबोलपणाबद्दल कुरकुर करू नये.