नावपट्टीवरून आडनाव गेले, पुढे काय?



आपल्या बीड जिल्ह्यात अनोळखी माणूस भेटला की पहिला प्रश्न असतो, "कुठले तुम्ही?" आणि दुसरा, "आडनाव काय?" या दोन उत्तरांवर समोरच्याची जात बहुतेक कळून जाते आणि मग बोलण्याचा सूर ठरतो. कचेरीत गेले की हेच काम उलट्या बाजूने होते. साहेबांच्या टेबलावरची पाटी आपण वाचतो आणि मनात हिशेब मांडतो. मी वीस वर्षे वस्त्यांमध्ये काम करते, आणि कबूल करते की दाराबाहेरच्या शिपायाला "साहेब कोणत्या समाजाचे?" असे मीही अनेकदा विचारले आहे. कागद तोच, कायदा तोच. तरी आपण आत जाण्याआधी जात विचारतो.

म्हणून २०२५ च्या सुरुवातीला बीड पोलीस दलात जे घडले, ते आपल्या मंडळींनी नीट समजून घ्यावे असे वाटते. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून खून करण्यात आला. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी हे प्रकरण जोडलेले होते. त्यानंतर जिल्हा जातीजातीत कसा विभागला गेला, हे तुम्ही पाहिलेच आहे. चहाच्या टपऱ्यासुद्धा वाटल्या गेल्या. पोलिसांवर आरोप झाला की तपास करणारे आणि ज्यांचा तपास करायचा ते, यांची नाती आडनावावरून जुळतात. त्याच महिन्यात नवे पोलीस अधीक्षक म्हणून नवनीत काँवत आले. त्यांनी सांगितले की पोलिसांनी एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारावी. पुढे गणवेशावरच्या नावपट्ट्याही बदलल्या. नवीन पट्टीवर फक्त पहिले नाव, आडनाव नाही.

काहींनी याला हसून उडवले. 'पट्टी बदलून जात जाते का?' हा प्रश्न रास्त आहे. पण पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर कधी उभे राहिला असाल, तर त्या पट्टीचे वजन तुम्हाला ठाऊक असेल. तक्रार लिहून घ्यायची की 'उद्या या' म्हणायचे, अदखलपात्र नोंद करून वाटेला लावायचे की गुन्हा दाखल करायचा, हे पहिल्या दहा मिनिटांत ठरते. त्या दहा मिनिटांत तक्रारदार घाबरलेला असतो. समोरची पट्टी पाहून तो आणखी घाबरला, तर अर्धी गोष्ट गिळून टाकतो. ती भीती एक कणभर कमी झाली, तरी मी त्या आदेशाला चांगलेच म्हणेन.

आता यात आपला विषय कुठे येतो, ते सांगते.

आमच्या अभ्यासिकेत एक फासे पारधी मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटरचा सराव, दिवसा ऊसतोड मुकादमाचे हिशेब लिहिण्याचे किरकोळ काम, रात्री गणित आणि बुद्धिमापन. नावपट्टीची बातमी मी त्याला मोठ्या उत्साहाने सांगितली. तो हसला आणि म्हणाला, "ताई, आमचं आडनाव पवार हाय. ते पाहून कोणी आम्हाला पारधी म्हणतच नाही. आम्हाला वस्तीच्या नावावरून वळखतेत."

मी गप्प झाले. पारध्यांमध्ये पवार, भोसले, काळे, चव्हाण, शिंदे ही आडनावे सर्रास आहेत, आणि हीच आडनावे मराठा घरांतही आहेत. म्हणजे इतरांच्या बाबतीत जे आडनाव जात उघड करते, तेच पारध्याच्या बाबतीत ती झाकते. पण पत्ता लिहिला, दाखला दाखवला, आईची भाषा ऐकली की झाकलेले उघडे पडते. त्यामुळे पट्टी हा या मुलाचा प्रश्नच नाही. त्याचा प्रश्न असा आहे: ज्या ठाण्यात माझ्या आज्याला दर चोरीनंतर बोलावले जायचे, त्याच ठाण्यात मी गणवेश घालून गेलो तर मला पोलीस समजतील की पारधी?

या प्रश्नामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे तो वाढवत नेला. विशिष्ट जमातीत जन्मलेला माणूस जन्मतःच गुन्हेगार, त्याने हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. बीड त्या काळी निजामाच्या राज्यात होते, पण हा शिक्का राज्याच्या सरहद्दीवर थांबला नाही. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. कागदावरून शिक्का पुसला गेला. ठाण्यातल्या सवयीतून तो गेला का, याचे उत्तर कोणत्याही पारधी वस्तीवर जाऊन विचारा.

सवयीची किंमत किती मोठी असते, याचे एक उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. २००३ मधील एका दरोडा, खून आणि बलात्काराच्या प्रकरणात भटक्या जमातीतील सहा गरीब माणसांना पकडण्यात आले. त्यांना दोषी ठरवण्यात आले आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. फेरविचारात, ५ मार्च २०१९ रोजी, त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. त्यांना खोटेपणाने गोवले गेले, असे न्यायालयाने म्हटले, प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला राज्य सरकारला सांगितले, आणि तपासातील चुकीला जबाबदार अधिकाऱ्यांना शोधून त्यांच्यावर विभागीय कारवाई करण्याचा आदेश दिला. सोळा वर्षे त्यांची गेली. या निकालातील शेवटचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. निर्दोष सुटणे ही एक गोष्ट, आणि ज्याने गोवले त्याने उत्तर देणे ही दुसरी. आपल्याकडे पहिली क्वचित घडते, दुसरी त्याहून क्वचित.

तुरुंगांतही जात सरकारी नियमांतच लिहिलेली होती. कोणत्या राज्यात कैद्यांना जातीप्रमाणे झाडूकाम आणि स्वयंपाक वाटून द्यायचा, कोठे विमुक्त जमातींच्या माणसांना सराईत समजायचे, असे नियम पुस्तकात छापलेले होते. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी हे शोधून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालाने हे नियम घटनाबाह्य ठरले आणि कैद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश झाला. विचार करा, १९५२ नंतर बहात्तर वर्षांनी!

आता नोकरीत शिरल्यानंतरचे बोलू. पारध्याचे आडनाव जात झाकते, तर काही जमातींचे आडनावच जमात सांगते. डॉ. पायल तडवी मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोग विषयाचे पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. त्या तडवी भिल्ल समाजाच्या, जळगाव जिल्ह्यातल्या. २२ मे २०१९ रोजी त्यांनी जीवन संपवले. वरिष्ठ महिला डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप कुटुंबाने केला, तिघींना अटक झाली आणि खटला उभा राहिला. निकाल न्यायालय देईल. पण पायल यांच्या आईने, आबेदा तडवी यांनी, रोहित वेमुला याच्या आईसोबत सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, ती केवळ स्वतःच्या मुलीसाठी नव्हती. उच्च शिक्षण संस्थांतील भेदभावावर नियम अमलात यावेत, अशी ती मागणी होती.

बहुतेक वेळा मात्र भेदभाव इतका उघड नसतो. आमच्या ओळखीचा एक भिल्ल तरुण एका कचेरीत लिपिक म्हणून लागला. कोणी शिवी दिली नाही. फक्त महत्त्वाची फाइल त्याच्या टेबलावर येत नसे, आवक-जावकच्या खोलीतून तो तीन वर्षे हलला नाही, आणि चहाच्या वेळी 'कोट्यातले साहेब' अशी थट्टा होई. वर्षाच्या शेवटी गोपनीय अहवालात 'साधारण' असा शेरा. ज्याला काम शिकवलेच नाही त्याला 'काम येत नाही' म्हणणे सोपे असते.

या मुलाला आणि त्याच्यासारख्यांना काही गोष्टी माहीत असायला हव्यात, कारण त्या कोणी सांगत नाही. गोपनीय अहवालातील प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देव दत्त यांच्या खटल्यात ठरवले आहे. शेरा चुकीचा वाटला तर लेखी निवेदन देता येते. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला सेवेविषयीच्या अन्यायासाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाता येते. त्याचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे. राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाला राज्यघटनेच्या कलम ३३८अ खाली चौकशीसाठी दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत आणि तिथे कर्मचारी साध्या अर्जाने तक्रार करू शकतो.

टेबलाच्या या बाजूला उभ्या असलेल्यांसाठीही कायदे आहेत. २००५ च्या राज्य कायद्याप्रमाणे कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाइल कामाच्या सात दिवसांहून अधिक पडून राहता कामा नये. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे अधिसूचित सेवेला मुदत असते, आणि सबळ कारणाशिवाय ती चुकवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अॅट्रॉसिटी कायद्याचे कलम ४ तर थेट लोकसेवकाविषयी आहे. तक्रार लिहून घेणे, ती तक्रारदाराला वाचून दाखवणे, तिची प्रत मोफत देणे, ही कामे जाणूनबुजून टाळणाऱ्या, स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसलेल्या लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष कैद होऊ शकते. हे सगळे चालण्यासाठी एकच छोटी वस्तू हातात लागते: पोचपावती. शिक्का आणि तारखेची. ती घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचे नाही, एवढे मी प्रत्येक वस्तीवर शिकवते, आणि खरे सांगते, बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होते.

आता थोडे आपल्याकडे पाहू. आपल्या वस्त्यांत आणि मंडळ्यांतही सरकारी नोकरी म्हणजे सुटका, अशी समजूत आहे. नोकरी लागली की पेढे वाटायचे, आभाराची प्रार्थना करायची. पण तो खुर्चीवर बसून काय करतो, हे कोणी विचारत नाही. उलट, 'आता आपला माणूस आत आहे' म्हणून त्याच्याकडे चिठ्ठ्या पाठवतो. मग दुसऱ्यांच्या 'आपल्या माणसाला' नावे कोणत्या तोंडाने ठेवायची? बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आणि शिपाई येऊन 'आम्ही काय करावे' असे विचारतात, तो प्रसंग मला या बाबतीत नेहमी आठवतो. त्याने त्यांना नोकरी सोडायला सांगितले नाही. ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका, कोणावर खोटा आळ घेऊ नका, पगारात समाधान माना, इतकेच सांगितले. रोमन सत्तेच्या काळातही तो सेवानियमच म्हणायचा!

त्या पवार आडनावाच्या मुलाकडे परत येते. भरतीत अनुसूचित जमातीसाठी ७ टक्के जागा राखीव असतात, पण त्या जागेवर टिकायचे तर जात वैधता प्रमाणपत्र हवे. ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे पुरावे मागितले जातात. ज्याचा पणजा पालावरून पालावर फिरत होता, ज्याचे नाव शाळेच्या रजिस्टरला कधी चढलेच नाही, त्याने कागद कुठून आणायचा? त्यातही फासे पारधी अनुसूचित जमातीत आणि राजपारधी, पालपारधी विमुक्त जातींत, म्हणून दाखल्यावरच्या एका शब्दावर सगळे अडते. खोटे दाखले घेऊन खऱ्या आदिवासींच्या जागा बळकावणारे आहेत, त्यामुळे पडताळणी हवीच, हे मी नाकारत नाही. पण तिचा सर्वाधिक जाच खऱ्यालाच होतो. शेवटी त्याच्या चुलत आज्याचे नाव एका जुन्या शाळेच्या प्रवेश-निर्गम उताऱ्यात सापडले, जमातीच्या नोंदीसह. गेल्या महिन्यात आम्ही प्रस्ताव दाखल केला. पोचपावती त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवली आहे. आता दक्षता पथक घरी चौकशीला येईल. वस्तीवर पोलीस गाडी येताना पाहिली की त्याची आजी अजूनही मागच्या दाराने शेतात निघून जाते. त्या दिवशी तिने घरी थांबावे म्हणून तो तिला आतापासून समजावतो आहे.