नव्या विधानसभेची पूर्वतयारी

मतमोजणी झाली की निवडणुकीचे कार्य संपले, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः विधानमंडळ सचिवालयाचे काम तेथूनच सुरू होते.

निर्वाचित सदस्यांची नावे राजपत्रात प्रसिद्ध होताच सचिवालय नामावली व शपथेचे नमुने सिद्ध ठेवते. संविधानाच्या अनुच्छेद १८८ प्रमाणे प्रत्येक सदस्याने शपथ घेणे आवश्यक आहे. शपथेवाचून सभागृहात बसणाऱ्यास वा मत देणाऱ्यास अनुच्छेद १९३ अन्वये दर दिवसास ५०० रुपये दंड आहे. म्हणजे शपथ होईपर्यंत मतदारसंघाचा आवाज सभागृहात उमटत नाही. म्हणूनच नामावलीत चूक होऊन चालत नाही.

नव्या अध्यक्षांची निवड होण्यापूर्वी शपथ देण्यासाठी राज्यपाल हंगामी अध्यक्ष नेमतात. ६ डिसेंबर २०२४ रोजी श्री. कालिदास कोळंबकर यांचा त्या पदासाठी शपथविधी झाला. ७ डिसेंबरपासून सदस्यांनी शपथ घेतली व ९ डिसेंबरला श्री. राहुल नार्वेकर अध्यक्ष झाले.

बिडकीन परिसरातील शिक्षकांनी बालसभा भरविताना हाच क्रम पाळावा: प्रथम नामावली, नंतर शपथ, शेवटी अध्यक्षांची निवड. नामावली एखाद्या विद्यार्थ्याकडून लिहवून घ्यावी. सचिवाची जबाबदारी काय असते, हे त्यास त्यातूनच उमगेल.