नऊ वस्त्या, पंधरा महिने

समाजमाध्यमांनी माणसांचे काय केले, यावर प्रत्येकाचे मत ठरलेले असते. हे मत तपासायचे कसे? युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील मानवशास्त्रज्ञ डॅनियल मिलर यांनी २०१२ मध्ये त्यासाठी ‘व्हाय वी पोस्ट’ हा प्रकल्प सुरू केला. त्याची कार्यपद्धती समजून घेण्यासारखी आहे.

पहिली पायरी जागा निवडण्याची. नऊ संशोधकांनी नऊ ठिकाणे घेतली: चीनमधील एक औद्योगिक वस्ती आणि एक ग्रामीण भाग, तुर्कस्तानातील मार्दिन, शिवाय ब्राझील, चिली, त्रिनिदाद, इटली, इंग्लंड आणि चेन्नईजवळचा एक परिसर. अनेक ठिकाणांची खरी नावे पुस्तकांत दिलेली नाहीत, कारण तिथल्या माणसांनी विश्वासाने सांगितलेल्या खासगी गोष्टी उघड्या पडू नयेत.

दुसरी पायरी राहण्याची. प्रत्येकाने आपापल्या ठिकाणी पंधरा महिने मुक्काम केला. प्रश्नावली होतीच, पण प्रश्नावलीला माणूस बरे दिसेल असे उत्तर देतो. रोजचा सहवास असला की तो प्रत्यक्षात काय करतो ते दिसते. मानवशास्त्रात याला सहभागी निरीक्षण म्हणतात.

तिसरी पायरी तुलनेची. क्षेत्रकार्य चालू असतानाच सगळे एकाच विषयावर टिपणे लिहून एकमेकांना पाठवत. एका ठिकाणी नेहमीची वाटणारी गोष्ट दुसरीकडे अजिबात नाही, हे त्यातून वेळीच लक्षात येई.

चीनमधल्या कारखान्यांच्या वस्तीत शिन्युआन वांग यांना खेड्यांतून आलेले तरुण कामगार भेटले. दाटीवाटीच्या खोल्यांत स्वतःचा असा कोपरा नसायचा. मग ‘क्यूक्यू’ या माध्यमावरचे पान हाच त्यांचा कोपरा झाला. ज्या आयुष्याची स्वप्ने ते पाहत होते, ते आयुष्य तिथे चित्रांतून सजत होते. वांग यांनी याला दुहेरी स्थलांतर म्हटले: एक खेड्यातून कारखान्याकडे, दुसरे प्रत्यक्षातून ऑनलाइन जगाकडे.

इंग्लंडच्या गावात मिलर यांना वेगळेच चित्र दिसले. तिथे फेसबुकचा उपयोग ओळखीच्या माणसांना ना फार जवळ, ना फार लांब, अशा बेताच्या अंतरावर ठेवण्यासाठी होत होता. रस्त्यात आपुलकीने बोलणारे शेजारी एकमेकांच्या घरात मात्र सहसा जात नाहीत. त्यामुळे असाध्य आजाराचे रुग्ण घरात एकटे पडतात, हेही त्यांनी नोंदवले.

चेन्नईजवळच्या परिसरात जुनी खेडी आणि आयटी कंपन्या शेजारी शेजारी आहेत. तिथे श्रीराम वेंकटरामन यांना दिसले की जात, वर्ग आणि नातेगोते यांच्या रेषा ऑनलाइन जगातही पुसल्या जात नाहीत. सकाळी देवाचे चित्र किंवा सुविचार पाठवण्यामागे पुण्य जोडल्याची भावनाही त्यांना आढळली. आपल्या मोबाइलवर रोज येणाऱ्या ‘शुभ सकाळ’कडे यानंतर जरा वेगळ्या नजरेने पाहावेसे वाटते.

शेवटची पायरी हे ज्ञान लोकांपर्यंत नेण्याची. २०१६ पासून या प्रकल्पाची अकरा पुस्तके आली आणि ती सर्व इंटरनेटवर मोफत ठेवली गेली. सोबतचा अभ्यासक्रम हिंदी आणि तमिळसह अनेक भाषांत तयार झाला. मुख्य पुस्तकाच्या नावातच निष्कर्ष आहे: ‘हाउ द वर्ल्ड चेंज्ड सोशल मीडिया’. माध्यमाने जग कसे बदलले हा नेहमीचा प्रश्न त्यांनी उलटा केला. साधन एकच असते. त्याला अर्थ देतात ती माणसे, आणि ती प्रत्येक गावात वेगळी असतात.

आपल्या विद्यापीठांतील समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ही पुस्तके जरूर वाचावीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एखाद्या तालुक्याच्या गावी वर्षभर राहावे, तिथल्या माणसांच्या हातातला मोबाइल पाहावा आणि जे दिसेल ते मराठीत लिहावे.