टेनिस बॉल गल्लोगल्ली, पण रॅकेट घ्यायची कुठली?

महागडी रॅकेट घेतली म्हणून फोरहॅण्ड सुधारत नाही. पण चुकीची घेतली, तर कोपर मात्र बोलायला लागतं. आयुष्यातली पहिली रॅकेट घेण्याआधी एवढं वाचाच!

धाराशिव जिल्ह्यात टेनिस बॉल कुठं मिळत नाही, ते सांगा! उमरगा घ्या, कळंब घ्या, परंडा घ्या. स्टेशनरीच्या दुकानात वह्या-पेनांशेजारी तो पिवळा-हिरवा बॉल असतोच. फक्त त्यानं आपण खेळतो क्रिकेट. ज्या खेळासाठी तो बॉल बनला, तो खेळ विम्बल्डनच्या दिवसांत मोबाइलवर बघायचा आणि सोडून द्यायचा.

त्याला कारणही आहे. आपला जिल्हा खो-खोचा. भारतीय महिला खो-खो संघाचं कर्णधारपद भूषवलेली, २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळवलेली सारिका काळे इथलीच. खो-खोला लागतं काय? मैदान, दोन खांब आणि पायांत दम. टेनिसचं तसं नाही. इथं मैदानात उतरण्याआधी दुकानाची पायरी चढावी लागते. आणि घरचं गणित सोयाबीनच्या भावावर चालत असेल, तर तीच पायरी वर्षभरात दुसऱ्यांदा चढता येत नाही. एकदा घेतलेली रॅकेट डिग्री हातात पडेपर्यंत पुरवायची असते.

म्हणून हा लेख. जिमखान्यातली जुनी रॅकेट हातात घेऊन तुम्हाला खेळाचा नाद लागला असेल, विद्यापीठाच्या स्पर्धेत उतरायचं डोक्यात असेल, किंवा नुसतं सकाळी उठून घाम गाळायचा असेल, तर पुढचं तुमच्यासाठीच आहे.

अल्कराझची रॅकेट अल्कराझलाच

आपण पहिलं काय करतो? सर्च. कार्लोस अल्कराझच्या हातात बॅबोलॅटची प्युअर एरो ९८ दिसते. जोकोविच आणि सिनर यांच्या हातात हेडची स्पीड. मन म्हणतं, घ्यायची तर हीच!

जरा थांबा. बड्या खेळाडूंच्या हातातली रॅकेट आणि दुकानातली रॅकेट अनेकदा रंगापुरतीच सारखी असते. त्यांच्या रॅकेटला शिशाच्या पट्ट्या लावून वजन वाढवलेलं असतं, तोल बदललेला असतो, तारा त्यांच्या मापानं ओढलेल्या असतात. शिवाय ते बॉल जवळपास दरवेळी रॅकेटच्या मधोमध घेतात. आपला बॉल कधी वरच्या कडेला लागतो, कधी खालच्या. आपल्याला अशी रॅकेट हवी, जी आपल्या चुका पोटात घेईल.

आणि हे काही फक्त नवशिक्यांनाच लागू नाही. रॉजर फेडरर वर्षानुवर्षं ९० चौरस इंच डोक्याची रॅकेट वापरायचा. २०१४ मध्ये तोसुद्धा ९७ वर आला. फेडररला मोठं डोकं घ्यायला लाज वाटली नाही, मग आपल्याला कशाला वाटावी?

चार गोष्टी बघा, बाकी जाहिरात

रॅकेटवर आणि तिच्या माहितीपत्रकावर खूप काय काय लिहिलेलं असतं. त्यातल्या चार गोष्टी कामाच्या.

पहिली, वजन. मोठ्यांच्या टेनिस रॅकेट साधारण २५० ते ३२० ग्रॅमच्या असतात. बॅडमिंटनची रॅकेट असते ८०-९० ग्रॅमची. म्हणजे बॅडमिंटनवरून टेनिसकडं येणाऱ्यानं आधी एक गोष्ट विसरायची, ती म्हणजे मनगटाचा झटका. तिप्पट वजन मनगटानं फिरवायला गेलात, तर हात दुखणारच. इथं ताकद पायांतून, कमरेतून आणि खांद्यातून येते.

दुसरी, डोक्याचा आकार. लाकडी रॅकेटच्या जमान्यात हे डोकं ७० चौरस इंचांच्या आसपास असायचं. १९७६ मध्ये प्रिन्स कंपनीनं ११० चौरस इंचांची रॅकेट आणली, तेव्हा लोक हसले. पण १९८१ मध्ये जॉन मॅकेन्रोनं लाकडी रॅकेटनं विम्बल्डन जिंकलं आणि त्यानंतर पुरुष एकेरीत लाकडानं ते कुणीच जिंकलं नाही. डोकं मोठं, तर बॉल नीट लागण्याची जागा मोठी आणि फुकटची ताकद जास्त. डोकं लहान, तर नेमकेपणा जास्त, पण चूक माफ नाही. आज १०० चौरस इंच हा मधला मार्ग.

तिसरी, तोल. रॅकेटची लांबी साधारण ६८.५ सेंटिमीटर. तिच्या बरोबर मध्यावर बोट लावून रॅकेट आडवी धरा. डोक्याकडं झुकली तर ती डोक्याला जड, मुठीकडं झुकली तर मुठीला जड. हलक्या रॅकेट बहुतेक वेळा डोक्याला जड असतात, कारण बॉल ढकलायला वजन कुठंतरी हवंच.

चौथी, कडकपणा. फ्रेम कडक असेल तर बॉल जोरात जातो, पण हादराही हातात जास्त येतो. फ्रेम लवचीक असेल तर जोर थोडा कमी, हाताला आराम जास्त.

एकच हात, पाच रॅकेट

आता समजा, तुम्ही सहा महिने खेळताय. सर्व्हिस दहातली पाच वेळा आत पडते. तुमच्या हातात एकेक रॅकेट दिली, तर काय होईल?

साधी ॲल्युमिनियमची रॅकेट. तारा आधीच ओढलेल्या, किंमत दोन-तीन हजारांच्या घरात. पहिले काही महिने भिंतीवर खेळायला उत्तम. पण समोरच्यानं जोरात मारायला सुरुवात केली, की ती हातात फिरते आणि झणझणते. शिकायला चालते, टिकायला नाही.

हेडची टीआय एस-६. वजन फक्त २२५ ग्रॅम, डोकं ११५ चौरस इंच, लांबीही नेहमीपेक्षा थोडी जास्त. अर्धा हात फिरवला तरी बॉल पलीकडं. डबल्स खेळणारे काका-मामा या जातीच्या रॅकेटवर खूश असतात, ते यासाठीच. पण तुम्ही विशीतले. पूर्ण हात फिरवलात, तर बॉल कोर्टाबाहेर. शिवाय फ्रेम कडक, त्यामुळं रोज दोन तास खेळणाऱ्याच्या हाताला हादरे जास्त.

बॅबोलॅटची प्युअर ड्राइव्ह. १९९४ पासून बाजारात आहे. ३०० ग्रॅम, १०० चौरस इंच. जोर आहे, फिरकी आहे, चूकही सांभाळून घेते. कॉलेजवयीन खेळाडूला बसणारं हे माप. याच मापात योनेक्सची ईझोन १०० आहे. एकच अडचण, प्युअर ड्राइव्ह कडक बाजूची आहे. तिच्यात तारा मऊ हव्यात.

विल्सनची प्रो स्टाफ ९७. ३१५ ग्रॅम, ९७ चौरस इंच. बॉल मधोमध लागला तर असा जातो, की स्वतःच्याच प्रेमात पडाल. पहिल्या सेटमध्ये! दुसऱ्या सेटमध्ये हात थकतो, रॅकेट उशिरा येते आणि बॉल जाळ्यात. ही रॅकेट दोन-तीन वर्षं नियमित खेळल्यावरची.

विल्सनची क्लॅश १००. २०१९ मध्ये आली. २९५ ग्रॅम, १०० चौरस इंच आणि फ्रेम मुद्दाम लवचीक. हाताला सगळ्यांत मऊ. बॉल नेमका कुठं लागला, ते हाताला कमी कळतं, अशी काहींची तक्रार असते. पण कोपर नाजूक असेल, तर ही तक्रार परवडली.

थोडक्यात, नवीन खेळणाऱ्या बहुतेकांचं उत्तर २७० ते ३०० ग्रॅम आणि १०० ते १०५ चौरस इंच यांच्यात सापडतं. कंपनी कुठलीही असो. आणि हो, मुलींना दुकानदार बघताक्षणी सगळ्यांत हलकी रॅकेट काढून देतो. त्याचं ऐकू नका. खो-खोच्या मैदानात वाढलेल्या मुलीच्या पायांत आणि खांद्यांत ताकद आहे, तिला २८० ग्रॅमची रॅकेट सहज पेलते. वजन ठरवायचं ते हात बघून.

गटिंगवाला किती लांब आहे?

हा प्रश्न पुण्यातल्या मुलाला पडत नाही. आपल्याला पडायला हवा. कारण बॉलला रॅकेटची फ्रेम लागत नाही, लागतात त्या तारा. आणि तारा खेळला नाहीत तरी सैल पडतात.

जुना ठोकताळा असा, की आठवड्यातून जितक्या वेळा खेळता, तितक्या वेळा वर्षातून गटिंग करायचं. आठवड्याला चार दिवस खेळणाऱ्यानं वर्षातून चारदा. आता हिशेब करा. गावात टेनिसचं गटिंग करणारं मशीन नसेल आणि दरवेळी सोलापूर, लातूर किंवा पुणे गाठायचं असेल, तर तारांच्या किमतीत एसटीचं तिकीटही धरावं लागतं.

म्हणून तारा निवडताना टीव्ही बघू नका. बडे खेळाडू पॉलिस्टरच्या तारा वापरतात. त्या फिरकी छान देतात, पण कडक असतात आणि लवकर मरतात. तुटत नाहीत, नुसत्या मरतात. आपण आपले त्याच मेलेल्या ताराने वर्षभर खेळत राहतो आणि हात दुखला की मलम चोळतो. नायलॉनची तार, जिला सिंथेटिक गट म्हणतात, ती स्वस्त, मऊ आणि आपल्या कामाची. ताण ५० पौंडांच्या आसपास ठेवा. फ्रेमवर कंपनीनं दिलेली मर्यादा लिहिलेली असते, ती बघा. ताण कमी केला तर जोर आणि आराम वाढतो, जास्त केला तर ताबा वाढतो.

१६ उभ्या आणि १९ आडव्या तारांची जाळी मोकळी असते, फिरकी देते. १८ बाय २० ची जाळी दाट, तारा जास्त टिकतात. तारा टिकवायच्या असतील, तर आणखी एक करा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात रॅकेट पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. उष्णतेनं तारांचा ताण उतरतो. आणि बॅडमिंटनचं गटिंग करणाऱ्याला आधी विचारा, ‘टेनिसचं जमतं का?’ बॅडमिंटनचा ताण याच्या निम्माच असतो, तारही वेगळी असते.

कोपर सांभाळा

टेनिस एल्बो हे दुखणं आपल्याला माहीत झालं ते सचिन तेंडुलकरमुळं. २००४ मध्ये त्याच्यासारखा खेळाडू या दुखण्यानं मैदानाबाहेर बसला. कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागतं, मग पाण्याची बादली उचलतानाही कळ येते.

यात रॅकेटचा हात असतो. कडक फ्रेम, कडक तारा, चुकीची मूठ. मूठ बारीक असेल तर रॅकेट हातात फिरू नये म्हणून आपण ती आवळून धरतो आणि सगळा ताण कोपरावर जातो. तपासायची सोपी पद्धत म्हणजे रॅकेट धरा. बोटांची टोकं आणि तळव्याचा मांसल भाग यांच्यामध्ये दुसऱ्या हाताचं एक बोट बसलं पाहिजे. बसलं नाही तर मूठ लहान, जास्तच मोकळी जागा राहिली तर मूठ मोठी. थोडी बारीक असेल तर वरून ग्रिप गुंडाळून भागतं. मोठी मूठ मात्र कमी करता येत नाही.

आणखी एक आपल्याकडची गोष्ट. क्रिकेटचा ‘हेवी’ टेनिस बॉल रॅकेटनं मारू नका. खऱ्या टेनिस बॉलचं वजन ५६ ते ५९.४ ग्रॅम असतं, हेवी बॉल त्याहून बराच जड. तारांचीही वाट लागते, कोपराचीही. शिकताना उलट हिरवा ठिपका असलेला बॉल घ्या. तो साध्या बॉलपेक्षा साधारण २५ टक्के हळू असतो.

हा खेळ आपलाही आहे

‘टेनिस म्हणजे पुण्या-मुंबईच्या पोरांचं काम,’ असं कुणी म्हणालं, तर त्याला ऋतुजा भोसले सांगा. श्रीरामपूरची ही मुलगी. ३० सप्टेंबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तिनं रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक जिंकलं. आणि आपल्या शेजारच्या सोलापुरात महिलांची आंतरराष्ट्रीय आयटीएफ स्पर्धा झाली आहे. पुढच्या वेळी झाली, की एसटी पकडा आणि जवळून बघा. टीव्हीवर बॉल जितका सावकाश दिसतो, तितका तो नसतो.

पैशांचं म्हणाल, तर नामांकित ग्रॅफाइट रॅकेट दहा हजारांच्या पुढं जातात. पण दोन-तीन वर्षांपूर्वीचं मॉडेल बरंच स्वस्त मिळतं आणि फरक पुष्कळदा रंगाचाच असतो. दोघातिघांत एक चांगली रॅकेट घेऊन सुरुवात केली, तरी बिघडत नाही. आणि जिमखान्याच्या सरांकडं नवीन रॅकेट मागण्याआधी कपाटातल्या जुन्यांचं गटिंग मागा. त्यातली एखादी नवीन तारांवर जिवंत होईल आणि कुठलं वजन तुम्हाला पेलतं, ते फुकटात कळेल.

दुकानात जाताना

• आधी मित्राची किंवा जिमखान्याची रॅकेट अर्धा तास खेळा, तिचं वजन लिहून ठेवा.
• छापलेलं वजन बहुतेकदा तारांशिवायचं असतं. तारा ओढल्यावर ते १५-१८ ग्रॅमनं वाढतं.
• बॅट धरल्यासारखं नाही, हात पूर्ण लांब करून दहा वेळा फिरवा. दहाव्या वेळी टोक खाली पडत असेल, तर ती जड आहे.
• जुनी घेताना डोक्याच्या वरच्या कडेला तडा आहे का, तारांच्या भोकांतल्या प्लॅस्टिकच्या नळ्या शाबूत आहेत का, ते बघा.
• सगळे पैसे फ्रेमवर उडवू नका. एक जादा तार, दोन ग्रिप आणि बॉलचा एक डबा यांचे पैसे आधी बाजूला काढा.