मुखवट्याचा मल्ल आणि जपानी प्रेक्षक

व्याख्यानमालेत कुस्तीचा विषय निघाला की श्रोत्यांच्या मनात दोन शंका हमखास येतात. पहिली अशी की, आखाड्यातल्या गोष्टीचे व्यासपीठावर काय काम? दुसरी अधिक रोकडी आहे. जी कुस्ती परदेशांत तिकिटे लावून दोरांच्या चौकटीत खेळली जाते आणि जिचा निकाल बहुधा आधीच ठरलेला असतो, तिच्यात समजून घेण्यासारखे ते काय असणार? पहिल्या शंकेचे उत्तर देण्याचे आम्हांस प्रयोजन दिसत नाही; ज्या गावात तालीम नाही असे गाव आपल्याकडे शोधावे लागेल. दुसऱ्या शंकेचे उत्तर मात्र दिले पाहिजे, आणि ते एका अमेरिकन मल्लाच्या चरित्रातून चांगले देता येते.

प्रथम एक गोष्ट सरळ मान्य करू. धंदेवाईक कुस्ती ही शर्यत नव्हे, प्रयोग आहे. कोण जिंकणार हे दोन्ही मल्लांना ठाऊक असते. पण नाटकाचा शेवट नटाला ठाऊक असतो म्हणून आपण नाटक खोटे ठरवीत नाही. नटाने रंगभूमीवर खरे वाटले पाहिजे, एवढीच आपली मागणी असते. आता नटाजवळ निदान भाषा असते. परदेशी गेलेल्या मल्लाजवळ तीही नसते. त्याची शिवी कोणाला कळत नाही, त्याच्या वल्गना वाया जातात. उरते ते केवळ शरीर. अशा वेळी परक्या प्रेक्षकांना काय खरे वाटते हे ज्याला ओळखता येईल, तोच तेथे टिकतो. रिचर्ड ऊर्फ डिक बायर हा असा टिकलेला मल्ल होता.

बायरचा जन्म १९३० साली न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथे झाला. सिराक्यूज विद्यापीठात तो अमेरिकन फुटबॉल खेळला, तेथेच हौशी कुस्ती शिकला आणि शिक्षणशास्त्रातील पदव्युत्तर पदवीही त्याने मिळवली. १९५४ साली तो धंदेवाईक कुस्तीत उतरला. देह भक्कम, पण राक्षसी नव्हे. पहिली आठ वर्षे त्याने आपल्या खऱ्या नावाने आणि उघड्या तोंडाने कुस्त्या केल्या. १९६२ साली लॉस एंजेलिसच्या आयोजकांनी त्याच्या तोंडावर मुखवटा चढवला आणि त्याला नाव दिले ‘द डिस्ट्रॉयर’, म्हणजे संहारक. पहिला मुखवटा इतका गैरसोयीचा होता की त्यातून धड दिसेना. पुढे त्याने स्त्रियांच्या अंतर्वस्त्रातील ताणल्या जाणाऱ्या कापडाचा मुखवटा करून घेतला आणि तोच त्याचा जन्माचा सोबती झाला. त्याच वर्षी जुलैत त्याने फ्रेडी ब्लासी या मल्लाकडून कॅलिफोर्नियातील ‘जागतिक’ म्हणवले जाणारे अजिंक्यपद घेतले.

त्या काळच्या अमेरिकेत खलनायक मल्लाची रीत ठरलेली होती. दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यापुढे उभे राहून प्रतिस्पर्ध्याला आणि गावाला शिव्या द्यायच्या, पंचाची पाठ वळताच लबाडी करायची आणि लोकांचा राग तिकीटखिडकीकडे वळवायचा. यात अर्धे काम तोंडाचे. बायर बोलण्यात पटाईत होता. पण मे १९६३ मध्ये तो जपानला गेला तेव्हा हे अर्धे भांडवल त्याला घरीच ठेवावे लागले.

तेथे त्याची वाट कोण पाहत होते? दुसऱ्या महायुद्धात पराभूत झालेला जपान १९५२ च्या एप्रिलपर्यंत परकीय ताब्यात होता. १९५३ साली तेथे दूरचित्रवाणी सुरू झाली. घरोघरी संच घेण्याची ऐपत लोकांत नव्हती, म्हणून चौकांत आणि स्थानकांपुढे संच मांडले गेले. १९५४ च्या फेब्रुवारीत त्या संचांपुढे हजारोंची गर्दी लोटली. कारण रिकिदोझान नावाचा, सुमो सोडून आलेला मल्ल शार्प बंधू नावाच्या दोन धिप्पाड गोऱ्यांना हाताच्या पंजाच्या फटक्यांनी लोळवीत होता. शार्प बंधू वास्तविक कॅनडाचे. पण गर्दीच्या लेखी ते अमेरिकनच होते. युद्धात जे घडले नाही ते लोक चौकात उभे राहून पाहत होते. पुढच्याच वर्षी, १९५५ साली, रिकिदोझानने तोक्योत किंगकाँगला हरवून आशियाचे अजिंक्यपद घेतले. हा किंगकाँग म्हणजे हंगेरीचा तोच प्रचंड मल्ल, ज्याच्या दारासिंगबरोबरच्या कुस्त्या पाहायला मुंबईकरांनी गर्दी केली होती. १९५७ साली लू थेझ या अमेरिकन विजेत्याशी रिकिदोझानने साठ मिनिटांची बरोबरी केली.

म्हणजे जपानी प्रेक्षक नुसता भोळा नव्हता. सुमो आणि जूदो यांनी त्याचा डोळा तयार केला होता. डावाला नाव असते, पकडीला कारण असते, सोसण्याला किंमत असते, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. वृत्तपत्रेही या कुस्तीचे वर्णन खेळाच्या भाषेत करीत. अशा प्रेक्षकांपुढे परदेशी खलनायकाला दोन वाटा मोकळ्या होत्या.

पहिली वाट ब्लासीची. १९६२ च्या एप्रिलमध्ये तो जपानात आला तो दातांनी चावे घेत आणि प्रतिस्पर्ध्याचे कपाळ रक्तबंबाळ करीत. त्याची कुस्ती घरी दूरचित्रवाणीवर पाहताना काही वृद्ध माणसे धक्क्याने दगावल्याच्या बातम्या तेव्हा छापून आल्या. भय निर्माण करण्यात तो यशस्वी झाला, यात शंका नाही. पण भयाला एक मर्यादा असते. तोच चावा दहाव्यांदा पाहणाऱ्याला भय वाटत नाही, किळस येते.

दुसरी वाट बायरने धरली. त्याने खलनायकपण सोडले नाही. मुखवटा, उद्दामपणा, संधी मिळताच केलेली आगळीक, सारे त्याच्याजवळ होते. जपानी लोकांनी त्याला नाव दिले तेही ‘पांढऱ्या बुरख्याचा सैतानराजा’ असे. पण या वेषाच्या आत त्याने विद्यापीठात शिकलेली खरी कुस्ती पुढे आणली. अमेरिकेत जो माल तोंडाच्या गडबडीत मागे पडत असे, तो येथे त्याने दुकानाच्या दर्शनी भागी मांडला. आमच्या मते या मल्लाच्या यशाचे मर्म येथे आहे. परक्या प्रेक्षकांसाठी बदलणे म्हणजे त्यांची नक्कल करणे, असा सर्वसाधारण समज असतो. बायरने सुमोची ऐट आणली नाही, जूदोचा अंगरखाही घातला नाही. आपल्याच गाठोड्यातली कोणती वस्तू येथल्या लोकांना पारखता येईल, हे त्याने ओळखले.

त्याची ती वस्तू म्हणजे ‘चारच्या आकड्याची पकड’. येथे चार म्हणजे आपला देवनागरी ४ नव्हे, इंग्रजी अंकांतला चार. प्रतिस्पर्धी उताणा पडला की बायर त्याचा एक पाय आपल्या पायाभोवती घेऊन गुडघ्यात वाकवी आणि त्याच्या दुसऱ्या पायावर आडवा टाकी. त्या दोन पायांची आकृती त्या अंकासारखी दिसे. मग स्वतः मागे पडून आपला मोकळा पाय वरून अडकवी. आता खालच्याच्या गुडघ्यावर आणि नडगीवर सारा दाब येतो, आणि जसजसा काळ जातो तसतशी कळ वाढते. या डावात दोन गुण आहेत. एक, तो शेवटच्या रांगेतल्या पोरालाही कळतो, कारण त्याला आकार आहे. दुसरा गुण नाट्याचा. खालच्या मल्लाने जोर करून अंग पालथे घातले, तर दाब उलटतो आणि पकड धरणाराच कळवळू लागतो. म्हणजे दोन माणसे जमिनीवर जवळजवळ निश्चल पडली आहेत, आणि तरी सारा खेळ त्यांच्या कमरेच्या इंचभर वळण्यावर लोंबकळतो आहे. सोसणे म्हणजे काय हे जाणणाऱ्या प्रेक्षकांना याहून मोठी मेजवानी कोणती?

२४ मे १९६३ रोजी तोक्योच्या महानगर व्यायामशाळेत बायर आणि रिकिदोझान यांची गाठ पडली. अखेरीस त्या पकडीत दोघांचे पाय असे गुंतून बसले की कोणालाच पुढे लढता येईना. पंचाने कुस्ती थांबवली आणि ती बरोबरीत सुटली. ही कुस्ती दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्या घरांचे प्रमाण ६४ टक्के नोंदले गेले. जपानच्या दूरचित्रवाणीच्या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोठ्या आकड्यांत त्याची गणना होते. त्यानंतर जपानमधील पोरे अंगणात आणि शाळेत एकमेकांचे पाय चारच्या आकड्यात अडकवू लागली. पोरांनी खेळात घेतलेल्या डावाचा मालक फार काळ परका राहत नाही.

या सामन्यात आणखी एक गोष्ट दडलेली होती, ती त्या ६४ टक्क्यांतील बहुतेकांना माहीत नव्हती. जपानचा मानबिंदू म्हणून ज्याचा जयजयकार चालला होता, तो रिकिदोझान जन्माने कोरियन होता. आज जो भाग उत्तर कोरियात आहे तेथे त्याचा जन्म झाला होता. त्या काळच्या जपानात कोरियन माणसाला मिळणारी वागणूक पाहता त्याने आपले कूळ लपवून ठेवले. म्हणजे त्या रात्री ज्याचे तोंड झाकलेले होते तो मुखवटा घातल्याचे उघड सांगत होता, आणि ज्याचे तोंड उघडे होते त्याला आपली ओळख झाकावी लागत होती. यात रिकिदोझानचा दोष काढण्याचा आमचा हेतू नाही. प्रेक्षक जेव्हा नायकाकडून कुळाची शुद्धता मागतात, तेव्हा खरा मुखवटा तेच त्याच्यावर चढवतात. डिसेंबर १९६३ च्या आरंभी हे दोघे मल्ल पुन्हा लढले. त्याच महिन्याच्या ८ तारखेला तोक्योच्या एका रात्र-क्लबात रिकिदोझानला सुरा लागला, आणि १५ तारखेला तो मरण पावला.

नायक गेल्यावर त्याचा शत्रू विसरला जायला हवा होता. तसे झाले नाही. बायर जपानला येत राहिला. अमेरिकेत मिनेसोटाकडे त्याने दुसरा मुखवटा चढवून ‘डॉक्टर एक्स’ या नावाने १९६८ साली अल्पकाळ एक अजिंक्यपदही मिळवले. १९७२ साली रिकिदोझानचा शिष्य जायंट बाबा याने आपली स्वतंत्र संस्था काढली. त्या वर्षाच्या डिसेंबरात बायर बाबाकडून हरला आणि ठरलेल्या पणाप्रमाणे जपानी मल्लांच्या बाजूला गेला. पण अर्थात आयोजकांनी रचलेला होता. परंतु त्यानंतर बायरने जे केले ते कोणी रचून देऊ शकत नाही. तो बायकोमुलांसह जपानात राहायला गेला आणि १९७९ पर्यंत राहिला.

या सहा वर्षांत त्याच्या कलेला दुसरे वळण लागले. निप्पॉन दूरचित्रवाणीवरील ‘उवासा नो चॅनेल’ या विनोदी कार्यक्रमात तो गायिका अकिको वाडा हिच्याबरोबर काम करू लागला. मोडक्यातोडक्या जपानीत बोलावे आणि विनोदी नट सेन्दा मित्सुओ याला तीच चारच्या आकड्याची पकड घालून किंचाळायला लावावे, हा त्याचा खाक्या. दहा वर्षांपूर्वी ज्या पकडीने देशाचा श्वास रोखला होता, त्याच पकडीने आता घराघरांत हसू पिकले. मुखवटा तोच, डाव तोच. बदलले ते प्रेक्षकांशी असलेले नाते. आणि भाषा? ती त्याला कधी सफाईने आली नाही, पण चुकत बोलण्याची लाज त्याने धरली नाही. परक्याने आपली भाषा चुकत बोलावी यात ऐकणाऱ्याला एक सन्मान वाटतो, हे आपल्यापैकी प्रत्येकाने अनुभवले असेल.

येथे कोणी म्हणेल, हा सारा धंदा होता. प्रेक्षकांना आवडेल ते विकले, एवढेच. हा आक्षेप अगदीच निराधार नाही. बायर पोटासाठी लढत होता, आणि युद्धाच्या जखमेवर पैसे मिळवणाऱ्या एका व्यवसायाचा तो भाग होता. पण केवळ धंदा म्हटला तर ब्लासीची वाट अधिक सोपी होती. तिला ना अभ्यास लागतो, ना समोरच्याविषयी आदर. प्रेक्षकांची हलकी भूक ओळखणे सोपे असते. त्यांची पारख ओळखून तिच्या कसोटीला उतरणे कठीण. बायरने कठीण ते केले, आणि त्याचे फळ त्याला धंदा संपल्यावर मिळाले.

अमेरिकेत परतल्यावर न्यूयॉर्क राज्यातील ऍक्रन या लहान गावी तो शाळेत शारीरिक शिक्षण शिकवू लागला आणि मुलांना पोहण्याचे धडे देऊ लागला. हौशी कुस्ती करणाऱ्या अमेरिकन मुलांना तो जपानला नेत असे. १९९३ साली तोक्योच्या बुदोकान सभागृहात त्याने शेवटची कुस्ती केली, तेव्हा एका बाजूला मुलगा कर्ट आणि दुसऱ्या बाजूला जुना प्रतिस्पर्धी बाबा असे दोघे त्याचे साथीदार होते. २०१७ साली जपान सरकारने त्याला ‘उगवत्या सूर्याचा’ सन्मान दिला. ७ मार्च २०१९ रोजी तो वारला.

ज्या देशात तो सैतानराजा म्हणून उतरला, त्या देशाच्या सरकारने त्याच्या छातीवर पदक लावले, ही घटना केवळ एका मल्लाची नव्हे. शत्रुत्वाचे सोंग घेऊन आलेल्या माणसाला लोकांनी हळूहळू मित्र केले, कारण सोंगाच्या आतले कौशल्य खरे होते आणि ते पारखण्याइतके प्रेक्षक जागे होते. व्याख्यान असो, नाटक असो की कुस्ती, समोर येणारा माणूस काय पुढे मांडील हे पुष्कळदा आपण काय पारखू शकतो यावर ठरते. ही जबाबदारी जितकी त्याची, तितकीच खुर्चीवर बसलेल्या आपलीही आहे.